आईंना उठवू की राहू देऊ?

प्रश्न : माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. आम्ही मानेवाड्याला राहतो. डिसेंबरात न्हाणीत पाय घसरून त्यांच्या डाव्या खुब्याचं हाड मोडलं आणि रॉड टाकायचं ऑपरेशन झालं. गेल्या महिन्यात एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता पायावर पूर्ण वजन द्यायला हरकत नाही. पण आई पलंगावरून उठायलाच तयार नाहीत. सुरुवातीला फिजिओथेरपिस्ट घरी यायचे. ते आले की आई रडायच्या, "मले नाही होत, काहून त्रास देऊन राहिले" म्हणायच्या. शेवटी आम्हीच त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. आता जेवण पलंगावर, लघवीला पॉट, आणि उठवायला दोन माणसं लागतात. पूर्वी दर गुरुवारी भजनी मंडळात जायच्या, आता दारापर्यंतसुद्धा येत नाहीत. नणंदबाई पुण्याहून रोज फोन करतात आणि म्हणतात, या वयात आईला कशाला छळता, आराम करू द्या. मी शाळेत नोकरी करते, मिस्टरांचं इतवारीत दुकान आहे. कोणी म्हणतं करंटची मशीन विकत घ्या, कोणी मालिशवाली सुचवतं. मला खरंच कळत नाही, या वयात व्यायामानं ताकद येते का? की मी उगाच त्यांच्या मागे लागते आहे?
– एक सून, नागपूर

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, येते. सत्तरीत येते, ऐंशीत येते, नव्वदीतही येते. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वर्षांच्या, अगदी थकलेल्या माणसांकडून आठ आठवडे मांड्यांचे वजनाचे व्यायाम करून घेतले होते. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि त्यांचं चालणंही सुधारलं. म्हातारपणी स्नायू वाढत नाहीत, हा समज त्या अभ्यासानं मोडीत काढला. तुमच्या आई त्या मंडळींपेक्षा कितीतरी तरुण आहेत.

आता आरामाचं. नणंदबाईंचा जीव आईत अडकलाय, म्हणूनच त्या आराम करू द्या म्हणतात, हे मला समजतं. पण तुमच्या पत्राचा मधला भाग पुन्हा वाचा. ऑपरेशन डिसेंबरात झालं. हाड जुळलं, म्हणजे सर्जनचं काम उत्तम झालं. तरीही आज त्यांना उठवायला दोन माणसं लागतात. हाड बरं झालं आणि माणूस जास्त दुबळा झाला, तो कशानं? पडून राहण्यानं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तेवढ्यात त्यांच्या पायांचं साधारण किलोभर मांस झडलं. त्यांना ना फ्रॅक्चर झालं होतं ना ऑपरेशन. तुमच्या आई तर महिनोन् महिने पलंगावर आहेत. त्यांना "नाही होत" वाटतं ते ढोंग नाही, खरंच होत नाहीये. पण ज्या आरामानं ते होईनासं झालं, तोच आराम आणखी दिल्यानं ते परत येणार नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. आईंना उठवणं हा छळ नाही. त्यांच्या हातून होण्यासारखी प्रत्येक गोष्ट आपण करून देणं, ताट हातात, पॉट खाली, पांघरूण अंगावर, यात प्रेम आहे हे खरंच. पण त्यामुळे त्यांचे पाय दिवसेंदिवस त्यांच्यापासून दूर जात आहेत.

रडण्याकडे जरा थांबून पाहू. खुबा मोडलेल्या बायका उभं राहताना रडतात, त्याची कारणं मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि त्यात वेदना हे एकच कारण क्वचितच असतं. बहुतेकदा भीती असते. न्हाणीत पडल्यावर त्या किती वेळ तिथे पडून होत्या, आवाज कोणी ऐकला की नाही, हे त्यांना विचारा. त्यांना त्याबद्दल बोलू द्या. जो पाय एकदा दगा देऊन गेला त्याच्यावर पुन्हा भार टाकायला मन धजत नाही. भीतीमुळे माणूस अंग आखडतो, आखडलेल्या अंगानं तोल आणखी जातो, आणि मग भीती खरी ठरते. म्हणून पहिल्या आठवड्यात चालण्याचं नावच काढू नका. पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसणं, पाय जमिनीला टेकलेले, समोर जड खुर्ची किंवा वॉकर, बाजूला कोणीतरी. एवढंच. तिथेच चहा द्या, तिथेच जेवण. दोन-तीन दिवसांनी उभं राहणं, वॉकर धरून, दहा मोजेपर्यंत. नाही जमलं तर पाच.

दुखण्याचंही बघायला हवं. डॉक्टरांनी वेदनेची गोळी दिलेली असेल, तर ती व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर चालेल का, हे त्यांनाच विचारा. अनेक घरांत गोळी रात्री झोपताना आणि व्यायाम सकाळी, असं चालू असतं. व्यायामानंतर मांडीचे, कुल्ल्याचे स्नायू ठणकले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत शांत झाले, तर घाबरू नका. कामाला लागलेला स्नायू दुखतोच. पण जांघेत टोचल्यासारखी कळ येते, वजन टाकलं की रोज वाढते, पाय आखूड किंवा बाहेर वळल्यासारखा दिसतो, जखमेतून पाणी येतं, ताप येतो, असं काही असेल तर व्यायाम बंद आणि सर्जनकडे. एका पोटरीला सूज येऊन ती तापली, दुखू लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा, आणि पोटरी चोळू नका. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न पाहता १०८ला फोन करा. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. खुब्याच्या ऑपरेशननंतर आणि पडून राहण्यानं हा धोका वाढतो.

मशीन आणि मालिश यांबद्दल विचारलंत. करंट देणारी, शेक देणारी मशीन काही वेळा वेदना थोडी कमी करते, आणि तेवढ्यामुळे व्यायाम करणं सोपं झालं तर तिचा उपयोग आहे. पण मशीन लावून आई पडून राहणार असतील तर ताकद येणार नाही. विकत घेऊ नका. ते पैसे फिजिओथेरपिस्टच्या भेटींवर खर्च करा. मालिशनं बरं वाटतं, अंगाला कोणाचा तरी प्रेमाचा हात लागतो, त्याची किंमत मी कमी मानत नाही. जखमेचा भाग आणि सुजलेली पोटरी सोडून, हलक्या हातानं करायला हरकत नाही. स्नायू मात्र त्यांनी स्वतः वापरला तरच वाढतो, दुसऱ्यानं चोळून नाही.

आता त्यांच्यासाठी मी जो व्यायाम सगळ्यात वर ठेवेन, तो सविस्तर सांगते, कारण एवढा एक जरी नीट झाला तरी पॉट सुटू शकतो. खुर्चीतून उठणं आणि बसणं. हातांची, मजबूत, न घसरणारी खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. बैठक कमी उंचीची असेल तर त्यावर जाड, घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवा. जितकी बैठक उंच, तितकं उठणं सोपं. आईंनी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकायचं, दोन्ही पाय गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायचे, आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाकायचं. हा पुढे वाकायचा भाग सगळे विसरतात. मागे रेलूनच उठायचा प्रयत्न होतो आणि मग आपण काखेत हात घालून ओढतो. काखेतून कधीही ओढू नका, खांदा दुखावतो. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधा, तुम्ही डाव्या बाजूला, किंचित मागे उभ्या राहा आणि पट्टा धरा. उठताना त्यांनी हातांनी खुर्चीचे हात दाबायचे, वॉकर ओढायचा नाही. उभं राहून श्वास घ्यायचा, मग बसताना हळूहळू, तीन मोजत. बसकन पडायचं नाही, कारण सावकाश बसण्यातच मांडीचा निम्मा व्यायाम असतो. सकाळी पाच, दुपारी पाच, संध्याकाळी पाच. ते सोपं झालं की उशी काढा. उशीशिवाय सोपं झालं की हातांचा जोर कमी करा. ताकद वाढवायची असेल तर व्यायाम दर थोड्या दिवसांनी थोडा अवघड व्हायलाच हवा. महिनोन् महिने तोच हलका व्यायाम करत राहिलं की घरची माणसं म्हणतात, फिजिओथेरपीचा काही उपयोग नाही.

खुब्याच्या बाजूचा स्नायू ही दुसरी महत्त्वाची जागा. तो दुबळा असला की चालताना कंबर एका बाजूला झुकते. उभं राहणं जमायला लागलं की स्वयंपाकघरातला ओटा धरून पाय बाजूला उचलणं, मग ओट्याला धरूनच खेकड्यासारखं बाजूबाजूनं चालणं, टाचा उचलणं. हे कधी आणि किती, ते फिजिओथेरपिस्ट ठरवतील. आईंना ओट्यापाशी नेण्यात आणखी एक गोष्ट साधते. मटार सोलायचे, कोथिंबीर निवडायची, कढीला फोडणी नीट बसली का ते सांगायचं. चार महिने ज्या बाईला घरात कोणी काही विचारलं नाही, तिचं मत पुन्हा लागायला लागतं.

चालायला लागल्यावर वॉकरची उंची तपासा: हात सैल सोडले की मनगटाच्या रेषेशी त्याची मूठ यावी. पुढे काठी आली की ती उजव्या हातात, म्हणजे मोडलेल्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. बहुतेक जण दुखऱ्या बाजूला धरतात आणि त्यानं डाव्या खुब्यावरचा भार कमी होत नाही. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. जमिनीवर मांडी घालून बसणं सध्या नको. हाड रॉडनं जोडलेलं असल्यामुळे ते कायमचं बंद असेल असं नाही, पण कधी आणि कसं हे सर्जन आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारूनच. ज्यांचा खुबा बदललेला असतो त्यांचे नियम वेगळे असतात, म्हणून शेजारच्या काकूंना जे सांगितलं ते आईंना लावू नका.

घरी येणारे फिजिओथेरपिस्ट पुन्हा सुरू करा, हे वेगळं सांगायला नको. पहिले काही आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा, मग घरचे शिकले की कमी. त्यांच्याकडे बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी आणि राज्याच्या परिषदेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोचू नका. चांगला माणूस रागावत नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी आईंची ताकद, तोल, उठणं-बसणं तपासायला हवं, आईंना काय करावंसं वाटतं ते विचारायला हवं आणि तुमच्यापैकी एकाला शिकवायला हवं. आले, मशीन लावली, मोबाइल पाहिला आणि गेले, असं होत असेल तर दुसरे शोधा. घरच्या भेटींचा खर्च झेपत नसेल तर मेडिकल, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तुमच्यापासून लांब नाही, तिथे फिजिओथेरपीचा विभाग आहे. एकदा तिथे नेऊन तपासणी करून घ्या, व्यायाम शिकून या, आणि मग घरी करा.

ध्येय मात्र डॉक्टरांचं नको, आईंचं हवं. "रोज शंभर पावलं" हे कोणाला हवंय? त्यांना गुरुवारचं भजनी मंडळ हवंय. मग देवळापर्यंत किती पावलं आहेत, वाटेत किती पायऱ्या आहेत, तिथे खुर्ची मिळेल का, हे आधी पाहून घ्या आणि व्यायाम त्या हिशेबानं ठरवा. तोवर मंडळातल्या दोघी-तिघींना घरी बोलवा. भजन म्हणायला आईंनी पलंगावर नाही, खुर्चीत बसायचं. तास-दीड तास ताठ बसणं हा चार महिन्यांनंतर मोठाच व्यायाम आहे, आणि तो कोणाला करायला लावावा लागणार नाही.

उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून थोडं नागपूरचं. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात पाणी कमी पडलं आणि वर बीपीची गोळी चालू असली की उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आई रात्री लघवीला उठायला नको म्हणून पाणीच कमी पितात का, ते बघा. पॉटवर असलेल्या बायका हे हमखास करतात. झोपेतून उठल्यावर कडेला दोन मिनिटं बसून, पावलं वर-खाली हलवून मगच उभं राहायचं. तरीही गरगरलं तर बसून आणि उभं राहून बीपी मोजून घ्या आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. झोपेची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिच्यामुळे पडण्याचा धोका वाढतो. आणि कूलर! त्याची वायर आणि पाण्याचा पाइप पलंग ते न्हाणी या वाटेवर येतात का? खाली पाणी गळून फरशी ओली होते का? कूलर लावायच्या आधी ती जागा ठरवा. न्हाणीत भिंतीला पकडायचे दांडे बसवा, टॉवेलचा रॉड नव्हे, तो वजन पेलत नाही. खाली रबरी मॅट, आंघोळीला खुर्ची, संडासात उंच कमोड. रात्री वाटेवर दिवा. पायात मागून पट्टा असलेली सँडल, घरातसुद्धा, सपाता नकोत. गाऊन किंवा साडी घोट्याच्या वर.

जेवणाबद्दल. साधारण ५० किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं हवीत, आजारातून उठताना थोडी जास्तच. आपल्या घरांतल्या आज्या चहा-टोस्ट, वरण-भात आणि उपास यांवर जगतात. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सात-आठ. अंडं चालत नसेल तर दूध, दही, पनीर, दोन्ही वेळा घट्ट वरण. आपला गोळाभात, पाटवडी हेही बेसनाचं उत्तम खाणं आहे, फक्त तर्रीला हात जरा आखडता घ्या. उपास काही महिने थांबवा, आईंना माझं नाव सांगा. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नणंदबाईंशी वाद घालू नका, त्यांना कामाला लावा. रोज फोन करतातच, तर संध्याकाळच्या व्यायामाच्या वेळी व्हिडिओ कॉल करायला सांगा आणि उठबशा त्यांनी मोजायच्या. लेकीनं मोजलेलं आईला वेगळं लागतं. त्या नागपूरला येतील तेव्हा फिजिओथेरपिस्टच्या भेटीला त्यांना हजर ठेवा. सुनेनं सांगितलेलं आणि तज्ज्ञानं सांगितलेलं यांत आपल्या घरांत फरक पडतो, तो पडू द्या. आणि तुमचे मिस्टर दुकानातून आल्यावर संध्याकाळची पाळी त्यांची. हे मी विनंती म्हणून लिहीत नाही. आई त्यांची आहे. शाळा, स्वयंपाक, पॉट आणि वर "छळते" हा शब्द, हे सगळं एकट्या तुमच्या वाट्याला येणं अन्यायाचं आहे, आणि थकलेल्या माणसाच्या हातून कोणाला नीट उठवणं होत नाही.

आई सतत गप्प असतील, जेवण सुटलं असेल, झोप लागत नसेल, "मी आता ओझं झाले" म्हणत असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. नैराश्याला औषध आहे. ते तसंच राहिलं तर व्यायाम पुढे सरकत नाही. डोळेही तपासून घ्या. मोतीबिंदू असलेल्या बाईला उंबरठा नीट दिसत नाही.

पूर्वीसारखं होईल का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेलच. खुबा मोडलेल्यांपैकी अनेकांना काठी कायमची लागते आणि सगळेच आधीइतके चालत नाहीत, हे खरं सांगायला हवं. सुधारणा मात्र वर्षभर होत राहते आणि तुमचे अजून बरेच महिने हातात आहेत. स्वतःच्या पायानं संडासात जाणं, आपल्या हातानं आंघोळ करणं, दारात येऊन बसणं, इथवर यायला आईंना मला तरी काही अडचण दिसत नाही.

शेवटी एक काम जे हमखास राहून जातं. उभ्याउभ्या पडून खुबा मोडला, याचा अर्थ हाडं ठिसूळ झाली आहेत. एक मोडलेलं जोडलं, बाकीची तशीच आहेत, उजवा खुबाही तसाच. सर्जनकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा सरळ विचारा की हाडांच्या ठिसूळपणावर काय उपचार द्यायचे, ड जीवनसत्त्व तपासायचं का, कॅल्शियम किती. त्यासाठी गोळ्या आहेत, वर्षातून एकदा द्यायचं इंजेक्शनही आहे. कोणतं योग्य ते तेच ठरवतील, पण विषय तुम्ही काढा.

दीड महिन्यानं मला पुन्हा लिहा. खुर्चीतून ३० सेकंदांत, हात छातीवर धरून, आई किती वेळा उठतात तेवढं मोजून कळवा. त्यांच्या वयाच्या बायकांसाठी दहाच्या खाली म्हणजे पाय कमजोर. आज हात न लावता एकदाही होणार नाही, शून्यच लिहून ठेवा.